गाण्याचे वय

एखाद्या गाण्यावर ‘हे म्हाताऱ्यांचे गाणे’ असा शिक्का बसतो, तेव्हा तो कोणी मारला आणि कोणत्या अधिकाराने मारला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्रज बँडच्या वाट्याला हा शिक्का गेली कित्येक दशके येत आहे. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स हे त्याचे दोन आधारस्तंभ 1943 साली जन्मले; ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर 2024 साली त्यांनी उत्तर अमेरिकेचा दौरा केला, आणि त्याचे प्रायोजकत्व पन्नाशी उलटलेल्या नागरिकांच्या हिताकरिता काम करणाऱ्या ‘एएआरपी’ या संस्थेने पत्करले. शिक्का मारणाऱ्यांना याहून भक्कम दाखला कोणता हवा? परंतु हे संगीत जन्मास आले कसे आणि कोणाच्या मांडीला मांडी लावून शिकले गेले, याचा इतिहास जो सविस्तर पाहील, त्याला हा निवाडा मान्य करणे जड जाईल, अशी माझी खात्री आहे.

गाण्याची वाटणी वयाच्या हिशेबाने करण्याची चाल मुळात फार जुनी नाही. आपल्याकडे जात्यावरची ओवी सासू आणि सून एकाच सुरात म्हणत. युरोप-अमेरिकेतही देवळातले भजन, सुगीचे नृत्य, मद्यगृहातले सामुदायिक गान यांत आजोबा आणि नातू एकत्रच असत. ही वाटणी केली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि केली ती बाजारपेठेने. 1948 साली कोलंबिया कंपनीने दीर्घकाळ वाजणारी मोठी तबकडी आणली आणि पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने पंचेचाळीस फेऱ्यांची लहान तबकडी काढली. कालांतराने पहिली प्रौढांच्या दिवाणखान्यात स्थिरावली, तर दुसरी शाळकरी मुलांच्या खिशाला परवडू लागली. 1954 साली हातात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला आणि घरात कोणते गाणे लागावे हे ठरविण्याचा वडीलधाऱ्यांचा अधिकार, कोणी हुकूम न काढताच, संपुष्टात आला. 1959 साली मार्क अब्रॅम्स या संशोधकाने लंडनमध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध करून कुमारवयीन ग्राहकाच्या हाती किती पैसा खेळतो आणि तो कशावर खर्च होतो याचा तपशील व्यापाऱ्यांपुढे मांडला. त्यातच ब्रिटनमधील सक्तीची लष्करी चाकरी 1960 च्या अखेरीस बंद झाली, आणि ज्या वयात मुलांना केस कापून कवायतीस जावे लागे, ते वय गिटारीसाठी मोकळे झाले. अशा रीतीने ‘तरुणांचे संगीत’ नावाचे एक वतन निर्माण झाले. वतन म्हटले की हद्द आली, आणि हद्द आली की तिच्याबाहेर काढले जाणारेही ठरले.

परंतु ज्यांच्या नावावर हे वतन लागले, त्या मुलांची वृत्ती याच्या अगदी उलट होती. ऑक्टोबर 1961 मध्ये केंट परगण्यातील डार्टफर्डच्या रेल्वेस्थानकावर बालपणीचे हे दोन शाळूसोबती, जॅगर आणि रिचर्ड्स, पुन्हा भेटले, तेव्हा त्या भेटीला निमित्त झाले ते जॅगरच्या काखेतल्या तबकड्यांचे. त्यांत अमेरिकन रॉक गायक चक बेरी होता आणि मडी वॉटर्सही होता. मडी वॉटर्स हा मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यावर राबलेला इसम; 1941 साली लोकगीतांचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स याने स्टोव्हॉलच्या मळ्यावर त्याचा आवाज प्रथम ध्वनिमुद्रित केला, 1943 साली तो शिकागोला गेला आणि तेथे विजेची गिटार हाती घेऊन त्याने ब्लूज संगीताला नगराचा आवाज दिला. जॅगर त्याच्या तबकड्या शिकागोच्या चेस कंपनीकडून टपालाने मागवीत असे. 1962 सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या मार्की क्लबमध्ये हा बँड प्रथम उभा राहिला तो मडी वॉटर्सच्याच एका गाण्याचे नाव धारण करून. विशीच्या आसपासच्या मुलांनी आपल्या बापाच्या वयाच्या, परमुलखातल्या, परवर्णाच्या माणसाला मनोमन गुरू केले आणि त्याचे नाव मिरवले, यात मला त्या पिढीचा खरा मोठेपणा दिसतो.

या गुरुभक्तीचे एक चित्र सुदैवाने फितीवर टिकून आहे. मे 1965 मध्ये ‘शिंडिग’ या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमाने स्टोन्सना पाचारण केले, तेव्हा आमच्याबरोबर ब्लूज गायक हाउलिन वुल्फही गाणार असेल तरच आम्ही येऊ, अशी अट त्यांनी घातली. चेस्टर बर्नेट हे वुल्फचे खरे नाव. वय त्या वेळी चोपन्न. देह अवाढव्य, आवाज खडकावर खडक घासावा तसा. निवेदकाचे बोलणे लांबत चाललेले पाहून स्टोन्समधल्या ब्रायन जोन्स या तेवीस वर्षांच्या पोराने त्याला थांबविले आणि आता बोलणे पुरे, गाणे ऐकू या, असे सुचविले. मग तो आणि त्याचे सोबती त्या प्रचंड पुरुषाच्या पायाशी, मंचाच्या पायरीवर, शाळकरी मुलांसारखे बसले. लाखो अमेरिकन घरांत ज्या वृद्धत्वाकडे झुकलेल्या कलावंताला कधी प्रवेश मिळाला नसता, त्याला तो त्या सायंकाळी या पोरांच्या हट्टामुळे मिळाला.

याच्याही पुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. इंग्रज मुले ज्या ब्लूजवर जीव ओवाळून टाकीत होती, त्याकडे त्याच काळात अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुण पाठ फिरवीत होते. त्यांना सोल आणि मोटाउन या नव्या शैलींचे सूर हवे होते; ब्लूज म्हणजे दक्षिणेतल्या मळ्यांची, अपमानाची, आईबापांच्या दारिद्र्याची आठवण. बी. बी. किंगसारख्या श्रेष्ठ वादकाला आपल्याच समाजातील तरुण श्रोत्यांचा धिक्कार सहन करावा लागला आणि त्याचे शल्य त्याने आयुष्यभर बोलून दाखविले. तोच किंग 1967 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गेला, तेव्हा लांब केसांचे गोरे तरुण त्याने एक सूरही छेडण्यापूर्वी उठून उभे राहिले आणि त्याचे डोळे भरून आले. गाणे तेच, गिटार तीच, वादकही तोच. एका सभागृहात ते शिळे होते आणि दुसऱ्यात ताजे. तेव्हा गाण्याचे वय सुरांत नसते, ते ऐकणाऱ्याच्या घरात असते. जे गाणे बापाने लावले, ते मुलाला काही काळ तरी जुने वाटणारच. तो मुलाचा दोष नव्हे आणि गाण्याचाही नव्हे.

स्टोन्सवर हीच पाळी 1976 च्या सुमारास आली. पंक चळवळीच्या मुलांनी त्यांना, ‘पिंक फ्लॉइड’ला आणि मोठमोठी मैदाने भरविणाऱ्या सगळ्याच बँडना निकालात काढले. जॅगर त्या वेळी अवघा तेहतीस वर्षांचा होता, हे विसरता कामा नये. पंकच्या आरोपात तथ्य होते. जे संगीत तळघरातल्या क्लबमध्ये श्रोत्याच्या छातीला भिडत असे, ते पन्नास हजारांच्या जमावात दुर्बिणीतून पाहण्याची वस्तू होऊन बसले होते, आणि गायकाची श्रीमंती श्रोत्याच्या बेकारीपासून फार दूर गेली होती. तो आरोप वयाचा नव्हता, अंतराचा होता. वृत्तपत्रांनी मात्र तो वयाचा करून टाकला, कारण तसे लिहिणे सोपे असते. पुढे खुद्द ‘सेक्स पिस्टल्स’ हा पंकचा अग्रणी बँडही 1996 साली पुन्हा एकत्र येऊन आपली वीस वर्षांपूर्वीची गाणी गाऊ लागला.

ऐंशीच्या दशकात बाजारपेठेने जुन्या गाण्यांसाठीही स्वतंत्र कप्पा तयार केला. श्रोत्यांचे वयोगट पाडून जाहिराती विकणाऱ्या अमेरिकन रेडिओ केंद्रांनी ‘क्लासिक रॉक’ हा साचा काढला. कॉम्पॅक्ट डिस्क आल्यावर लोकांनी तीच गाणी पुन्हा विकत घेतली. 1986 साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पहिल्या मानकऱ्यांची नोंद झाली. या व्यवस्थेने गाणी जपली हे खरे, पण दप्तरखान्यात कागद जपावेत तशी जपली. ज्या कलावंतांनी निमूटपणे त्या कप्प्यात बसून तीच वीस गाणी त्याच क्रमाने गाण्याची नोकरी पत्करली, त्यांच्याविषयी तरुणांनी अनास्था दाखविली तर मी त्यांना बोल लावणार नाही.

गाण्याचे वय ऐकणाऱ्याच्या घरात असते, आणि महाराष्ट्राशी या इतिहासाचा धागा जुळतो तो याच जागी. ‘क्वीन’ या इंग्रज बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजेच फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि 1958 साली तेथेच त्याने ‘हेक्टिक्स’ हा आपला पहिला बँड सोबत्यांसह उभा केला. सह्याद्रीच्या माथ्यावर पियानो बडविणाऱ्या त्या मुलाला हे संगीत कोणत्याही वडीलधाऱ्याकडून वारशात मिळालेले नव्हते. 7 एप्रिल 2003 रोजी मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर स्टोन्स गायले, तेव्हा जॅगर साठीच्या उंबरठ्यावर होता. आपल्या बहुसंख्य मराठी घरांत बापाची पिढी नाट्यपद, भावगीत आणि हिंदी चित्रपटगीत यांवर पोसलेली. त्या घरांतल्या ज्या मुलांनी हे संगीत जवळ केले, त्यांना ते बापाचे म्हणून नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. लंडनच्या मुलाला जे आजोबांच्या कपाटातले वाटे, ते गिरगावच्या किंवा दादरच्या मुलाने स्वतः शोधून काढलेले होते, आणि स्वतः शोधलेल्या गोष्टीला कोणी जुनी म्हणत नाही.

राहता राहिला प्रश्न असा की, वय झालेल्या रॉक कलावंताने करावे तरी काय? मला याचे उत्तर 22 नोव्हेंबर 1981 च्या रात्री सापडते. शिकागोच्या दक्षिण भागातील चेकरबोर्ड लाउंज या चिंचोळ्या, गजबजलेल्या जागी अडुसष्ट वर्षांचा मडी वॉटर्स गात होता. त्याने गाता गाता श्रोत्यांत बसलेल्या जॅगरला नावाने हाक मारली, मागोमाग रिचर्ड्सला बोलाविले, आणि रिचर्ड्स टेबलांवर पाय देतच मंचाकडे निघाला. दीड वर्षात मडी वॉटर्स निवर्तला. त्या रात्रीच्या चित्रफितीत त्याच्या आवाजात थकवा शोधूनही सापडत नाही. उलट तरुणपणी जो शब्द तो फेकून देई, तो आता तोलून टाकतो. हे वार्धक्य ब्लूजच्या परंपरेत कधीच उणेपणाचे मानले गेले नाही, आणि डिसेंबर 2015 मध्ये स्टोन्सनी अवघ्या तीन दिवसांत शिकागोच्या जुन्या गाण्यांचा ‘ब्लू अँड लोन्सम’ हा संग्रह ध्वनिमुद्रित केला, तेव्हा ते याच वाटेने परतले. सत्तरी उलटलेल्या चार्ली वॉट्सचा ढोलावरचा हात त्यात किती मोजका आणि किती अचूक पडतो, हे कान देऊन ऐकावे. त्यात तारुण्याची नक्कल कोठेच नाही.

माझी तक्रार आहे ती वेगळीच. आज या बँडांच्या जलशांची तिकिटे इतकी महाग झाली आहेत की, विद्यार्थ्याला आणि उमेदवारी करणाऱ्या कामगाराला दारातूनच परतावे लागते, आणि मग आत बसलेल्या पांढऱ्या केसांकडे बोट दाखवून हे म्हाताऱ्यांचे संगीत असा निष्कर्ष काढला जातो. मार्च 2016 मध्ये हवानात स्टोन्सनी विनामूल्य जलसा केला, तेव्हा लाखो लोक मैदानात लोटले आणि त्यांत सर्व वयाची माणसे होती. जुन्या कलावंतांनी वर्षातून एखादा जलसा तरी असा दार उघडे ठेवून करावा, निदान काही जागा विद्यार्थ्यांच्या ऐपतीच्या ठेवाव्यात. डार्टफर्डच्या त्या दोन मुलांना मडी वॉटर्स टपालाने मागविलेल्या तबकडीच्या खर्चात ऐकावयास मिळाला होता, आणि आजच्या मुलांचा हक्क त्यांच्याहून तसूभरही कमी नाही.