व्हिसा संपला म्हणून

सुसुमु तोनेगावा हा शास्त्रज्ञ मला फार जवळचा वाटतो आणि त्याचं पहिलं कारण शास्त्रीय नाही. १९७० च्या अखेरीस त्याचा अमेरिकेचा व्हिसा संपत होता! कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये काम छान चाललेलं, पण नियम असा की देश सोडा, दोन वर्षं परत येऊ नका. व्हिसाच्या तारखा मोजत जगणाऱ्या आम्हा मंडळींना यापुढचं सांगावं लागत नाही. त्याचे वरिष्ठ दुल्बेको यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची नवी इम्युनॉलॉजी संस्था सुचवली. गंमत म्हणजे हा विषय त्याला जेमतेमच ठाऊक होता.

तिथे एक जुनं कोडं पडून होतं. गोवर, घटसर्प, धनुर्वात, प्रत्येकाची अँटिबॉडी वेगळी. लँडस्टायनरने तर निसर्गात नसलेली रसायनं प्रथिनांना जोडून प्राण्यांना टोचली, तरी त्यांच्याविरुद्ध नेमकी अँटिबॉडी तयार! आता अशा लाखो अँटिबॉडींसाठी लाखो जीन्स ठेवायच्या कुठे? (माणसाच्या एकूण जीन्सच २० हजारांच्या आसपास, हे आज आपल्याला माहीत आहे.) एका साखळीसाठी दोन जीन्स एकत्र येत असाव्यात, असा तर्क ड्रायर आणि बेनेट यांनी १९६५ मध्ये मांडला होता. पण सगळ्या पेशींत डीएनए सारखाच, हे तर पाठ्यपुस्तकातलं वाक्य. कोण मानणार?

होझुमी आणि तोनेगावा यांनी सरळ तपासूनच पाहिलं. उंदराच्या गर्भाचा डीएनए आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या गाठीचा डीएनए एकाच विकराने कापला, जेलवर पसरवला. गर्भात त्या जीनचे दोन भाग वेगवेगळ्या तुकड्यांवर होते, गाठीत एकाच तुकड्यावर. म्हणजे पेशीने स्वतःचाच डीएनए कापून जोडला होता. हे १९७६ मध्ये छापून आलं.

आता हिशोब बघा. माणसाच्या जड साखळीसाठी साधारण ४० व्ही, २३ डी आणि ६ जे तुकडे असतात. प्रत्येकातला एकेक उचलला की ५,५२० जोड्या. हलक्या साखळीच्या तीनेकशे प्रकारांनी गुणलं की सतरा-अठरा लाख. शिवाय जोड देताना पेशी थोडी अक्षरं खाते, थोडी पदरची घालते. आम्ही असं वेल्डिंग केलं तर नोकरी जाईल. इथे त्या ढिसाळपणामुळेच आकडा कोट्यवधींच्या पलीकडे पोचतो. बरीच जुळणी वाया जाते, काही स्वतःच्याच शरीरावर उलटणारी निघते आणि बहुतेकदा वेळीच काढून टाकली जाते. जंतू आला की त्याला चिकटणारी पेशी तेवढी भराभर वाढते.

१९८७ चं वैद्यकाचं नोबेल तोनेगावाला एकट्याला मिळालं. तोवर तो परत अमेरिकेत, एमआयटीत आला होता. ड्रायर आणि बेनेट मात्र राहिले, ते मला अजून खटकतं.