जयंत नारळीकर यांचे विज्ञानकथालेखन

जयंत विष्णू नारळीकर (१९ जुलै १९३८, कोल्हापूर – २० मे २०२५, पुणे) हे खगोलशास्त्रज्ञ व मराठी विज्ञानकथाकार होते. संशोधनात मग्न असणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या अभ्यासविषयाला मातृभाषेत कथारूप दिल्याचे त्यांचे लेखन हे ठळक उदाहरण मानले जाते.

== पार्श्वभूमी ==
बनारस हिंदू विश्वविद्यालयातून पदवी घेतल्यावर नारळीकर केंब्रिजला गेले. तेथे फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. रेडिओ स्रोतांच्या गणनेसंबंधी या दोघांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात संगणकाचा वापर केला होता. हॉईल स्वतः ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) या विज्ञान कादंबरीचे लेखक होते. १९७२ मध्ये नारळीकर भारतात परतले व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेचे ते संस्थापक-संचालक होते.

== पहिली कथा ==
अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणे व्याख्यान सुरू असताना नारळीकरांनी कथा लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथा स्पर्धा घेतली, तेव्हा त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. ही आद्याक्षरे त्यांच्या स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांच्या उलट क्रमाने आहेत. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नी मंगला नारळीकर यांनी कथेची प्रत लिहून दिली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाच्या कीर्तीचा परीक्षणावर परिणाम होण्याची शक्यता त्यामुळे उरली नाही.

== कथांचे स्वरूप ==
नारळीकरांच्या कथांत एखादी वैज्ञानिक कल्पना परिचित मराठी वातावरणात मांडलेली असते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डाव्या-उजव्याची अदलाबदल क्रिकेटच्या सामन्यात प्रकट होते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे हे पानिपतच्या लढाईत मराठे विजयी झालेल्या दुसऱ्या जगात पोचतात. या कथेचे इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ अकरावीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमातील पाठ्यपुस्तकात समाविष्ट आहे.

‘वामन परत न आला’ या कादंबरीत नष्ट झालेल्या एका प्रगत संस्कृतीच्या ज्ञानाच्या आधारे ‘वामन’ नावाचा बुद्धिमान यंत्रमानव घडवला जातो. निर्मात्यापेक्षा चतुर ठरलेले यंत्र आपल्यासारखीच दुसरी यंत्रे निर्माण करू लागले, तर माणसाचे काय होईल, हा तिचा गाभा आहे.

== मराठी साहित्यातील स्थान ==
‘यक्षांची देणगी’ (१९७९) हा त्यांचा गाजलेला कथासंग्रह होय. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास २०१४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ज्या विज्ञानकथेने टोपणनावाआडून मराठीत प्रवेश केला, तिच्या लेखकाला संमेलनाध्यक्षपदाचा मान मिळाला, ही या साहित्यप्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाची घटना ठरली.