रामटेकचा वराह

रायपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी रामटेकचे दर्शन घेतले नाही असे कुटुंब विरळाच. गडावर श्रीरामाच्या मंदिराकडे जाताना, वाटेतच खांबांच्या उघड्या मंडपात एक अजस्र दगडी वराह उभा आहे. मुलाबाळांची खरी ओढ तिकडेच. त्याच्या पोटाखालून जो सरपटत पार होईल तो निष्पाप, अडकेल तो पापी, अशी लोकसमजूत आहे. प्रस्तुत लेखक बालपणी या कसोटीस सहज उतरला होता. तीस वर्षांच्या सरकारी सेवेनंतर मात्र त्यास अर्ध्यातून माघार घ्यावी लागली. सौभाग्यवतींनी त्याचा जो अर्थ लावला तो येथे नमूद करण्याचे प्रयोजन नाही.

पापपुण्याच्या या गमतीत वराहाचा इतिहास मागे पडतो. ही मूर्ती पाचव्या शतकातील, वाकाटककालीन. गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटक दुसऱ्या रुद्रसेनाला दिलेली होती. पती अकाली निवर्तला आणि अल्पवयीन पुत्रांच्या नावाने तिने राज्य चालविले. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. तिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. हा रामगिरी म्हणजेच रामटेक, आणि ‘मेघदूता’तील रामगिरीही हाच, असे महामहोपाध्याय मिराशी यांनी आग्रहाने मांडले. सरगुजातील रामगढही त्या मानावर हक्क सांगतो. आपण छत्तीसगडवासी झाल्याने कोणाची बाजू घ्यावी, हा पेचच आहे!

प्रभावतीच्या ताम्रपटांतील एक गोष्ट मनाला भिडते. विवाहानंतरही ती आपले गोत्र ‘धारण’ असे, म्हणजे माहेरचेच, सांगते. वंशावळही आरंभी गुप्तांची देते. विदिशेजवळ उदयगिरीच्या लेण्यांत पृथ्वीला वर काढणारा भव्य वराह कोरलेला आहे. त्याचे मुख वराहाचे, देह मानवाचा. तेथेच तिच्या पित्याच्या काळचा, इ. स. 401-02 चा लेख आहे. रामटेकचा वराह संपूर्ण पशुरूपात आहे. घडण निराळी, दैवत तेच. रामटेकच्या वैष्णव मंदिरांमागे गुप्तघराण्याच्या या लेकीची भक्ती होती, असे अभ्यासक मानतात. दूरदेशी आलेल्या लेकीने माहेरचा देव सासरच्या डोंगरावर उभा केला, असे म्हणावयास हरकत नसावी.

पुढे तेरा शतकांनी असेच काहीसे पुन्हा घडले. या वेळी रामटेकच माहेर झाले. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांनी रामटेकच्या मंदिरांचा जीर्णोद्धार केला होता. त्यांचे पुत्र बिंबाजी 1758 मध्ये छत्तीसगडच्या कारभारावर रतनपुरास आले आणि 1787 मध्ये निधन होईपर्यंत इकडेच राहिले. बिलासपूरपासून काही कोसांवर, रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी श्रीरामाचे मंदिर बांधले. त्या टेकडीला तेथील लोक आजही रामटेकरी म्हणतात.