बटण आणि काज

पेण-रोह्याकडे शिंप्याकडे सदरा शिवायला टाकला, की तो विचारतो, "बटणं कसली लावू?" बटण हा शब्द इंग्रजीतला, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण बटण ज्यात अडकतं त्या काजाचं काय? ते पोर्तुगीज! त्या भाषेत 'काझा' म्हणजे घर, आणि बटणाचं घरही. आपली कुंडलिका रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंड्याला समुद्रास मिळते. तेथे 1740 पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. तेव्हा ही भाषा आपल्या शेजारचीच म्हणायची. 'चावी'सुद्धा तिचीच.

मग त्याआधी आपले लोक अंगरखे उघडेच टाकीत काय? छे! बंद होते. बाराबंदीला तर नावच बंदांवरून पडलं. कापडाची गुंडीही होती.

पुढे वीज आली आणि बटण भिंतीवर चढलं. इंग्रज त्याला 'स्विच' म्हणतो. आपल्या घरात मात्र ते 'दिव्याचं बटण'. 2004 पासून लोकसभेचं मतही आपण बटण दाबूनच देतो. गंमत अशी, की हा इंग्रजी शब्द ज्या जुन्या फ्रेंच धातूवरून आला, त्याचा अर्थच मुळी रेटणं, ढकलणं असा आहे.

तेव्हा गुरुजी, मुलानं निबंधात 'दिव्याचं बटण दाबलं' असं लिहिलं, तर तांबडी रेघ ओढू नका. 'कळ' हा चांगला शब्द आहे, तोही जरूर शिकवा. पण परका म्हणून बटण खोडलंत, तर काजही खोडावं लागेल. मग सदरा बांधायचा कशानं? बंदांनी?