मोझार्ट परिणाम

मोझार्टचे संगीत ऐकल्याने बुद्धी वाढते, या लोकप्रिय समजुतीला रूढ झालेले नाव. समजुतीचे मूळ ऑक्टोबर १९९३ च्या ‘नेचर’मधील एका छोट्या टिपणात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील फ्रान्सिस रॉशर व तिच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयातील ३६ विद्यार्थ्यांना दहा-दहा मिनिटे तीन गोष्टी दिल्या : मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा डी मेजरमधील सोनाटा, मन सैल सोडण्याच्या सूचना आणि निव्वळ शांतता. प्रत्येकीनंतर लगेच चाचणी झाली. दुमडून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा धाटणीचे प्रश्न तीत होते. सोनाट्यानंतरचे गुण बुद्ध्यंकाच्या मापात आठ-नऊ अंकांनी जास्त भरले. हा लाभ १०–१५ मिनिटांपलीकडे टिकला नाही, तपासले गेले ते फक्त अवकाशीय आकलन आणि प्रयोगात एकही लहान मूल नव्हते.

बाजारात मात्र तान्ह्या बाळांसाठी ध्वनिफिती आल्या. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बालकाला अभिजात संगीताची भेट देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. मूळ टिपण वाचणाऱ्याला असे सुचले नसते.

पुढे अनेकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला. काहींना परिणाम अगदी किरकोळ आढळला, काहींना आढळलाच नाही. २००१ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी मोझार्टच्या चपळ सोनाट्याशेजारी आल्बिनोनीच्या नावावर असलेली संथ, उदास ‘अडाजिओ’ ही रचना ठेवली. फरक मोझार्टचा नसून श्रोत्याला आलेल्या तरतरीचा आणि प्रसन्नतेचा निघाला. त्या हिशेबाने आवडीची लावणीही चालावी.

ऐकणे आणि शिकणे यांत गल्लत झाल्याने, संगीत शिकल्याने बुद्धी वाढते का, हा खरा प्रश्न बाजूलाच पडला. मानसशास्त्रज्ञ ई. ग्लेन शेलेनबर्गने २००४ मध्ये तो हाती घेतला. सहा वर्षांच्या १४४ मुलांपैकी काहींना वर्षभर कीबोर्ड, काहींना गायन, काहींना नाट्य शिकवले. उरलेल्यांना काहीच नाही. बुद्ध्यंक सगळ्यांचाच वाढला, कारण शाळा सुरू झाली होती. संगीत शिकणाऱ्यांचा सरासरी सात अंकांनी, इतरांचा चारहून थोडा जास्त. वाढ छोटी, पण ती शिकवणीनंतर दिसली. इतरांशी मिळूनमिसळून वागण्यात मात्र सुधारली ती नाट्यवर्गातली मुले. संगीतवाल्यांत तसा फरक पडला नाही.