काळा फुगा, पारदर्शक फुगा

मागच्या शनिवारी गाडी सर्व्हिसिंगला टाकली. जॉबकार्ड भरता भरता तिथल्या मुलाने सहज विचारलं, "सर, फ्युएल सिस्टिम क्लीनर घालायचा ना? अॅव्हरेज वाढेल." बाटलीवर आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी "नको" म्हटलं खरं, पण गाडी दहा वर्षांची, बाबांकडून आलेली, आणि सिग्नलला हल्ली थरथरते. डोक्यात किडा वळवळायला लागला. रविवार त्यातच गेला.

तर मंडळी, १९७० सालची अमेरिका. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने लोक वैतागलेले. अशात स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने आपल्या शेवरॉन पेट्रोलमध्ये 'एफ-३१०' नावाचं अॅडिटिव्ह आणलं. टीव्हीवरच्या जाहिरातीत गाडीच्या सायलेन्सरला एक भलामोठा पारदर्शक फुगा लावलेला. इंजिन सुरू होतं, फुगा काळ्या धुराने भरतो. मग एफ-३१० च्या सहा टाक्या जाळून झाल्यावर पुन्हा फुगा, आणि आता तो आरपार दिसतोय! सांगणारा कोण, तर अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर. पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आलेला माणूस. त्याच्यावर कोण शंका घेणार?

फेडरल ट्रेड कमिशनने घेतली. गोम अशी होती की 'आधीची' गाडी मुद्दाम बनवलेल्या, इंजिन घाण करणाऱ्या पेट्रोलवर चालवलेली होती. शिवाय कार्बन मोनॉक्साइडला रंगच नसतो. म्हणजे फुगा आरपार दिसला तरी आतली हवा विषारी असू शकते. १९७४ साली कमिशनने कंपनीविरुद्ध निकाल दिला. कंपनी अपिलात गेली. १९७८ मध्ये कोर्टाने आदेशाची व्याप्ती कमी केली, पण जाहिराती दिशाभूल करणाऱ्या होत्या हे कायम ठेवलं.

मला खरी गंमत पुढे वाटली. एफ-३१० ही थाप नव्हतीच! ते होतं पॉलिब्युटीन अमाइन. रेणूचं अमाइनचं टोक घाणीला चिकटतं, लांब शेपूट पेट्रोलमध्ये विरघळते, आणि घाण सुटून येते. आपल्या साबणासारखंच. कार्बोरेटर त्याने खरोखर साफ व्हायचे. माल अस्सल होता, तरी फुगा खोटा दाखवला. का, ते मार्केटिंगवाल्यांनाच ठाऊक. असो.

पुढे कार्बोरेटर गेले, इंजेक्टर आले. इंजिन बंद केल्यावर इंजेक्टरच्या टोकाशी राहिलेला पेट्रोलचा थेंब गरम धातूवर वाळतो आणि खरकटं मागे ठेवतो. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांकडे हे जास्त (माझं ऑफिस सहा किलोमीटर!). याच कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉलिइथर अमाइन वापरायला सुरुवात केली. ते जास्त उष्णतेतही टिकतं. १९९५ पासून तर अमेरिकेत सगळ्याच पेट्रोलमध्ये डिटर्जंट सक्तीचा झाला. पण ती किमान पातळी फारच कमी वाटल्याने २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जीएम, होंडा आणि टोयोटाने 'टॉप टिअर' हे वेगळं मानक काढलं.

म्हणून बाटली घेताना मी आता पॉलिइथर अमाइन, म्हणजे 'पीईए', शोधतो. लेबलवर नसेल तर कंपनीची सेफ्टी डेटा शीट बघायची. नुसती रॉकेलच्या जातीची सॉल्व्हंट असतील तर बाटली खाली ठेवायची. आणि तुमची गाडी डायरेक्ट इंजेक्शनची असेल, तर इनटेक व्हॉल्व्हवरची घाण कुठल्याच बाटलीने जाणार नाही. पेट्रोल तिथे पोचतच नाही, धुणार काय? थरथरण्याला स्पार्क प्लग कारण असेल तरीही बाटली बिनकामाची. म्हणून मी आधी प्लग तपासायला सांगणार आहे.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारलं, "त्या बाटलीत नक्की काय असतं हो?"

"सर, इम्पोर्टेड आहे!"