इचलकरंजीची ‘मीरा’

जुन्या फोर्डला नवे इंजिन नि मनाजोगती बॉडी बसवून १९४० च्या दशकात अमेरिकन तरुण ‘हॉट रॉड’ बनवीत. त्याच काळात इचलकरंजीच्या सातवीपर्यंत शिकलेल्या शंकरराव कुलकर्णींनी तर अख्खी मोटारच घडवली. त्यांच्या दोन आसनी ‘मीरा’चा पहिला नमुना १९४९ चा.

हादरे झेलण्यासाठी त्यांनी पुढे रबर वापरले. ताणलेले रबर पूर्ववत होताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून गाडीचे हेलकावे लवकर थांबतात, हे आपण वर्गात सांगू शकतो.

सुधारित नमुने १९७५ पर्यंत निघाले. पाठबळाअभावी उत्पादन मात्र झाले नाही. एक गाडी कसबाने होते, हजार गाड्यांना व्यवस्था लागते. आपल्याकडे कसब होते, हे आम्हांला विद्यार्थ्यांपुढे मांडावेसे वाटते.